रविवारी दुपारी कुणाला फोन करावा?

तुमचे पत्र मी दोन वेळा वाचले आणि उत्तराला आठवडा लावला, कारण अशा पत्राला घाईने दिलेले उत्तर "एखादा छंद लावून घ्या, फिरायला जात जा" एवढ्यावर संपते, आणि ते तुम्हाला आधीच चार जणांनी सांगून झाले असणार.

तुम्ही लिहिता की तुमचे वय ४९ आहे, डोंबिवलीत स्वतःचे घर आहे, फोर्टमधील कार्यालयात २२ वर्षे नोकरी केल्यानंतर २०२० पासून तेच काम घरातल्या टेबलावरून चालते. पत्नी शिक्षिका आहे, मुलगी दीड वर्षापूर्वी शिकायला जर्मनीला गेली, आणि घरात ७८ वर्षांची आई आहे, जिला ऐकू कमी येते. भांडणतंटा नाही, कर्ज फिटत आले आहे, तब्येतीची मोठी तक्रार नाही. तरीही गेल्या दिवाळीच्या पहाटे तुम्ही फडके रोडवर एकटेच गेलात, सगळीकडे नव्या कपड्यांतली तरुण मुले दिसली, ओळखीचा एकही चेहरा दिसला नाही आणि चहासुद्धा न घेता परत आलात. "फोनमध्ये सातशे नंबर आहेत, पण रविवारी दुपारी कुणाला फोन करावा हे सुचत नाही. माझे काही चुकते आहे का, आणि या वयात नवी माणसे जोडता येतात का?" हा तुमचा प्रश्न आहे.

समुपदेशनाच्या कामात मला २६ वर्षे झाली. या काळात ही तक्रार माझ्यासमोर तिच्या खऱ्या नावाने फार क्वचित आली आहे. लोक झोप येत नाही म्हणून येतात, चिडचिड होते म्हणून येतात, छातीत धडधडते म्हणून सगळ्या तपासण्या करून, अहवालांची फाइल काखेत घेऊन येतात, आणि चौथ्या-पाचव्या भेटीत केव्हातरी, जाता जाता, दाराशी उभे राहून म्हणतात, "खरं सांगू का, बोलायला कुणी नाही." तुम्ही ते पहिल्याच ओळीत लिहिले, म्हणून मीही आडवळणाने जाणार नाही. तुमचे चुकलेले काही नाही, मात्र हातातून एक गोष्ट सुटली आहे, आणि ती कोणती हे बऱ्यापैकी नेमकेपणाने सांगता येते. तुम्ही यात एकटेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा जाणवतो.

आपल्या भाषेत एकांत आणि एकाकीपणा हे दोन निराळे शब्द आहेत आणि तो भेद जपण्यासारखा आहे. एकांत माणूस मागून घेतो, एकाकीपणा त्याच्या वाट्याला येतो. मानसशास्त्रात एकाकीपणाची जी व्याख्या रूढ आहे ती साधी आहे: माणसाला हवे असलेले नातेसंबंध आणि प्रत्यक्षात असलेले नातेसंबंध यांतले अंतर म्हणजे एकाकीपणा. म्हणूनच तो मोजण्यासाठी कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९७८ मध्ये तयार केलेल्या आणि आजही जगभर वापरल्या जाणाऱ्या वीस प्रश्नांच्या मापनपट्टीत तुमच्या घरात किती माणसे आहेत किंवा तुम्हाला मित्र किती आहेत हे विचारलेलेच नाही. आपल्याला खरोखर ओळखणारे कुणी आहे असे वाटते का, आपण कुणाच्या जवळचे आहोत असे वाटते का, अशा स्वरूपाचे प्रश्न त्यात आहेत. "घरात माणसे असताना असे वाटणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे का?" या तुमच्या वाक्याचे उत्तर यातच आहे. तुम्ही घरच्यांवर अन्याय करत नाही आहात.

रॉबर्ट वाईस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एकाकीपणाचे दोन प्रकार वेगळे केले, आणि माझ्या कामात हा भेद मला जितका उपयोगी पडला तितका दुसरा कोणताही नाही. पहिला प्रकार भावनिक, म्हणजे जिवाभावाचे एकही माणूस नसण्याचा. दुसरा सामाजिक, म्हणजे आपण ज्यांच्यातले आहोत असा कंपू, मेळा, चार लोकांचे कोंडाळे नसण्याचा. वाईस यांनी दूरच्या राज्यांतून बॉस्टन परिसरात राहायला आलेल्या जोडप्यांचा अभ्यास केला तेव्हा संसार सुखाचा असलेल्या बायकाही तिथे एकाकी झालेल्या दिसल्या, आणि नवऱ्याची सोबत त्यांची ती उणीव भरून काढू शकत नव्हती. उलट ज्यांचा जोडीदार दुरावला होता त्यांना मित्रमंडळी असूनही जवळच्या माणसाची जागा रिकामीच वाटत होती. एक उणीव दुसऱ्या उपायाने भरत नाही. तुमच्या पत्रात मला दोन्ही दिसतात, पण सामाजिक उणीव मोठी आहे, आणि तिचा सगळा भार तुम्ही नकळत पत्नीवर टाकू पाहता आहात. शाळेतून थकून आलेल्या एका माणसाने तुमच्यासाठी एक अख्खा गट व्हावे, अशी ती अपेक्षा आहे. ती कुणालाच पेलणार नाही.

तो गट तुमच्याकडे होता. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख कंसात, एका ओळीत केला आहे: "आठ-बाराच्या फास्टला आमचा ग्रुप असायचा." माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ ती आहे. ज्यांनी मध्य रेल्वेवर वर्षानुवर्षे नोकरी केली आहे त्यांना लोकलमधला गट म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. ठरलेला डबा, ठरलेला दरवाजा, पुढच्या स्थानकावर चढणाऱ्यासाठी धरून ठेवलेली जागा, बसलेल्याने अर्ध्या वाटेत उठून उभ्याला बसवायचा अलिखित नियम, कुणाच्या घरी पोर झाले की पेढ्याचा पुडा, दसऱ्याच्या सुमारास डब्याला माळा लावून केलेली पूजा. या सगळ्यात तुम्ही कुणाला "आपण मित्र होऊ या" असे कधी म्हटले नव्हते. गाडी वेळेवर सुटत होती आणि मैत्री आपोआप होत होती.

त्याचा हिशेब करून पाहा. सकाळचा एकच प्रवास, सव्वा तासाच्या आसपासचा, वर्षातले २५० दिवस धरले तर वर्षाला सुमारे ३०० तास होतात. अमेरिकेतील कॅन्सास विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये नव्या जागी राहायला आलेल्या प्रौढांचा आणि महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या मुलांचा अभ्यास केला. ओळखीच्या माणसाचे साध्या मित्रात रूपांतर व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणावा इतका तो जवळ यायला सुमारे ९० तास, आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात, असा त्यांचा अंदाज निघाला. हे आकडे सगळ्या समाजांना जसेच्या तसे लावू नयेत हे खरे, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते, की जवळीक तासांनी बनते. तुमच्या आयुष्यातून २०२० साली वर्षाला ३०० तास एकदम निघून गेले, आणि त्या वेळी प्रवास वाचला म्हणून सगळ्यांनी तुमचे अभिनंदन केले. त्या बदल्यात काय गेले हे कुणी मोजले नाही, तुम्हीही नाही. पुढे दीड वर्षापूर्वी मुलगी गेली, आणि तिच्या शाळेमुळे, क्लासमुळे, तिच्या मैत्रिणींच्या आईवडिलांमुळे जी ये-जा होती तीही थांबली.

मध्यमवयाचे हेच वैशिष्ट्य आहे. शाळा, महाविद्यालय, पहिली नोकरी, चाळ किंवा सोसायटी, मुलांची शाळा या सगळ्या व्यवस्था माणसांना रोज एकमेकांसमोर आणून उभे करतात. पंचेचाळिशीच्या पुढे त्या एकेक करून बंद होतात आणि त्यांच्या जागी नवी व्यवस्था आपोआप सुरू होत नाही. त्याच सुमारास आईवडिलांचे आजारपण सुरू होते, नोकरीत जबाबदारी वाढलेली असते, आणि जो थोडा वेळ उरतो त्यात माणूस अंग टाकून पडून राहणे पसंत करतो. कुणी कुणाशी भांडलेले नसते. भेटीगाठी विरळ होतात, मग फक्त लग्नकार्यात होतात, मग फक्त अंत्यविधीला.

याच्यावर आणखी एक थर चढतो, आणि तो तुमच्या बाबतीत चढू लागला आहे. शिकागो विद्यापीठाचे जॉन कॅसिओपो यांनी एकाकीपणावर दोन दशकांहून अधिक काळ संशोधन केले. त्यांची मांडणी अशी, की भूक लागल्याने जसे शरीर अन्न शोधायला सांगते तसा एकाकीपणा हा माणसे शोधायला सांगणारा इशारा आहे. मात्र हा इशारा फार दिवस वाजत राहिला तर मन सावध होते, समोरच्याच्या वागण्यात नकार शोधू लागते, आणि ज्याला माणसे हवी आहेत तोच माणसांपासून मागे सरतो. अशा काळात झोपही सलग लागत नाही, असेही त्यांच्या अभ्यासात दिसले. आता तुमच्या पत्रातला प्रसंग पाहा. महाविद्यालयातल्या मित्राला तुम्ही संदेश पाठवलात, त्याचे "नंतर बोलू" एवढेच उत्तर आले, आणि त्यावरून तुम्ही लिहिता, "मला कळले, त्याला रस नाही." हे तुम्हाला कळलेले नाही, वाटलेले आहे. त्या दोन शब्दांत मित्राचे कार्यालय, त्याची बैठक, त्याचे वडील, त्याचा कंटाळा, काहीही असू शकते. एकाकीपणा कमी करण्याच्या निरनिराळ्या उपायांचा एक मोठा तौलनिक आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना एकत्र जमवणे, संवादकौशल्ये शिकवणे, आधार पुरवणे या उपायांपेक्षा अशा पक्क्या करून घेतलेल्या समजुती तपासून पाहायला शिकवणे अधिक परिणामकारक ठरलेले दिसले. म्हणून पुढचे काहीही करण्याआधी एक सवय लावून घ्या: "त्याला रस नाही" असे मनात आले की त्याच क्षणी कागदावर दुसरी दोन शक्य कारणे लिहायची. पटली पाहिजेत असे नाही, लिहिली पाहिजेत.

आता फोनकडे येऊ. आपल्याकडे फार वर्षांनी कुणाचा फोन आला की समोरच्याच्या मनात आधी शंका येते. विम्याची पॉलिसी असेल, पैशाची अडचण असेल, मुलाची पत्रिका असेल, नाहीतर कुणी गेले असेल. फोन करणाऱ्याला हे ठाऊक असते, म्हणून तो कारण शोधत बसतो, कारण सापडत नाही आणि फोन राहतो. याला माझ्याकडे एकच उतारा आहे आणि तो मी शेकडो लोकांना दिला आहे. पहिले वाक्य हे असू द्या: "काम काही नाही, तुझी आठवण आली म्हणून केला." पिट्सबर्ग विद्यापीठातील पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की सहज आठवण काढून संपर्क साधला तर समोरच्याला किती बरे वाटेल याचा अंदाज लोक सातत्याने कमी करतात, आणि संपर्क जितका अनपेक्षित तितका तो आनंद मोठा असतो.

एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले बावन्न वर्षांचे एक गृहस्थ माझ्याकडे येत असत. घरून फोन करणे जमेना, म्हणून एकदा त्यांनी माझ्या खोलीतूनच करायचे ठरवले. दोनदा क्रमांक लावला आणि घंटी वाजण्याआधी तोडला. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला आणि पलीकडून अपेक्षेप्रमाणे आले, "काय रे, सगळं ठीक ना?" हे म्हणाले, "काम काही नाही. तुझी आठवण आली." पलीकडे शांतता होती, फक्त कुकरची शिट्टी ऐकू आली. मग आवाज आला, "थांब, ठेवू नको, गॅस बंद करून येतो." मी खोलीबाहेर जाऊन बसलो. ते संभाषण चाळीस मिनिटे चालले. त्यांच्या यादीतल्या दुसऱ्या मित्राने मात्र फोन उचलला नाही आणि उलट फोनही केला नाही. आमची पुढची संपूर्ण भेट त्या न उचललेल्या फोनवर गेली, कारण तो मनाला लागला होता. तिसऱ्याचा तीन आठवड्यांनी उलट फोन आला. मधल्या काळात तो वडिलांना घेऊन रुग्णालयात होता. तीनपैकी दोन. इतके यश मिळेल अशी हमी मी तुम्हाला देत नाही, पण तीनपैकी एक मिळाला तरी तुमची रविवारची दुपार बदलते.

तुमच्या दहावीच्या तुकडीचा जो व्हॉट्सॲप गट आहे, त्यात सकाळच्या शुभेच्छा आणि वाढदिवसाचे केक यांपलीकडे काही घडत नाही, अशी तुमची तक्रार आहे. शंभर जणांसमोर कुणी मन मोकळे करत नाही, त्यामुळे तिथे जवळीक होण्याची वाट पाहू नका. त्या गटाचा वापर दूरध्वनीच्या वहीसारखा करा. त्यातले ज्यांच्याशी एकेकाळी खरोखर पटत होते असे तिघे निवडा आणि त्यांच्याशी बाहेर, स्वतंत्र बोला.

भेट झाली की काय बोलायचे, हा खरा कठीण भाग आहे. मराठी पुरुष तासन्‌तास बोलू शकतात आणि उठताना एकमेकांविषयी काही कळलेले नसते. राजकारण झाले, शेअर बाजार झाला, पुनर्विकासात किती चौरस फूट मिळणार हे झाले, आणि "बाकी काय?" "बाकी बरं चाललंय" म्हणून दोघे आपापल्या घरी गेले. या बोलण्याला मी कमी लेखत नाही, कारण तासांचा हिशेब त्यानेही भरतो. हॉल यांच्याच अभ्यासात मात्र असे दिसते, की नुसते तास पुरत नाहीत. एकमेकांची खरी विचारपूस आणि मनातले बोलणे झाले तर जवळीक वाढते. म्हणून प्रत्येक भेटीत स्वतःविषयी एक खरे वाक्य बोला. एकच. "मुलगी गेल्यापासून घरात आवाज नाही, मला ते फार जाणवते." असे वाक्य उच्चारल्यावर समोरचा बहुधा सल्ला देतो, क्वचित विषय बदलतो, आणि पुष्कळदा जरा थांबून स्वतःचे काही सांगतो. पुढची भेट कुणाबरोबर ठरवायची हे तुम्हाला त्या वाक्यानंतर कळेल.

नवी माणसे जोडता येतात का, तर येतात, पण "माणसे जोडायची" म्हणून निघालेला माणूस बहुधा हात हलवत परत येतो. समोरासमोर बसून ओळख वाढवणे प्रौढांना अवघड जाते. खांद्याला खांदा लावून काम करताना ती सहज वाढते. त्यामुळे अशी जागा शोधा जिथे तीच ती माणसे ठरलेल्या वेळी पुन्हा पुन्हा येतात, काहीतरी काम करावे लागते, आणि तुम्ही गेला नाहीत तर कुणाचे तरी अडते. ही तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बागेत चालायला जाणे तब्येतीसाठी चांगले, पण तुम्ही एखाद्या दिवशी गेला नाहीत तर बागेचे काही अडत नाही. याउलट मुंबई ग्राहक पंचायतीचे उदाहरण घ्या. १९७५ पासून तिथे शेजारपाजारच्या घरांचे लहान संघ करून दर महिन्याचे वाणसामान एकत्र मागवण्याची पद्धत आहे, आणि माल आला की संघातल्या घरांनी मिळून वाटपाचे काम करायचे असते. गुळाच्या ढेपी आणि डाळीची पोती मोजताना ज्या गप्पा होतात त्यांसाठी कुणाला संवादकौशल्य शिकवावे लागत नाही. वारीतल्या दिंडीचेही तसेच आहे. तीच माणसे दरवर्षी आपल्या दिंडीत ठरलेल्या जागी चालतात, तंबू आणि स्वयंपाक सांभाळण्याची कामे वाटलेली असतात, आणि एखाद्या वर्षी कुणी आले नाही तर आळंदीपासून त्याची चौकशी सुरू होते.

तुमच्या बाबतीत मी याहून जवळचे सुचवीन. तुमच्या सोसायटीच्या समितीला हिशेब पाहणारा माणूस मिळत नाही असे तुम्हीच लिहिले आहे, आणि तुम्ही २२ वर्षे हिशेबाचेच काम केले आहे. दुसरा पर्याय म्हणजे दहावीच्या मुलांना आठवड्यातून दोन संध्याकाळी गणित शिकवणे. पुढच्या पिढीला काही देण्याची ओढ हीच मध्यमवयाची मुख्य भूक असते, असे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी मांडले होते, आणि मुलगी घराबाहेर पडल्यावर ती भूक संपत नाही, तिला फक्त जागा उरत नाही. यांपैकी एकच निवडा आणि सहा महिने सोडू नका. आठवड्याला दोन तास धरले तर वर्षाला शंभर होतात, म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत कुणी जवळचे वाटले नाही तर ते अपयश नाही. तोवर तुमचे तास जेमतेम पंचवीस झालेले असतात.

पत्नीविषयी तुम्ही फार थोडे लिहिले आहे, आणि जे लिहिले आहे त्यात तक्रार नाही, अंतर आहे. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना मी एक काम देतो: आठवडाभर रात्री नऊनंतर एकमेकांशी बोललेली वाक्ये वहीत लिहून आणायची. एका बाईंनी शाळेच्या वहीची दोन पाने भरून आणली होती. गॅस नोंदवला का, हप्ता गेला का, उद्या पाणी किती वाजता, आईंच्या गोळ्या संपल्या, दार लाव. सबंध दोन पानांत एकच वाक्य वेगळे होते, "आज तुझा आवाज बसलाय का?", आणि ते त्यांनी स्वतःच खाली रेघ मारून ठेवले होते. घर चालवणारी दोन माणसे वर्षानुवर्षे उत्तम सहकारी असू शकतात आणि त्याच काळात त्यांची मैत्री सुकत जाते. आठवड्यातून एकदा दोघांनी अर्धा तास घराबाहेर पडा, आणि त्या अर्ध्या तासात कामाचे काही बोलायचे नाही एवढीच अट ठेवा. पहिल्या दोन-तीन वेळा बोलायला काही सुचणार नाही. चालत राहा, सुचेल. मुलीच्या जाण्याने त्यांनाही काय झाले आहे हे तुम्ही अजून विचारलेले नाही, असा माझा अंदाज आहे.

आईंचे कान तपासून घ्या आणि श्रवणयंत्र लागत असेल तर घ्या, खर्चाकडे पाहू नका. ओरडून बोलावे लागते म्हणून घरातली माणसे कामापुरतेच बोलू लागतात, आणि एका घरात दोन एकाकी माणसे तयार होतात.

हेच पत्र एखाद्या बाईने लिहिले असते तर माझे उत्तर थोडे निराळे असते. बायकांना माणसांत राहण्याचे प्रसंग अधिक मिळतात, पण त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी त्या कुणाची तरी सेवा करत असतात, आणि विधवा, घटस्फोटित किंवा अविवाहित बाईला हळदीकुंकवासारख्या प्रसंगी आजही गुपचूप वगळले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला त्याचे मला मनापासून समाधान वाटले, कारण समाजाने ठरवून एकाकी केलेल्या माणसाला "तू मैत्रिणी जमव" असे सांगणे हा अन्याय आहे.

एका गोष्टीची मात्र मला खात्री करून घ्यायची आहे, कारण पत्रावरून ती होत नाही. एकाकीपणा आणि नैराश्य ही भावंडे असली तरी एक नव्हेत. एकाकी माणसाला चांगली भेट झाली की तेवढ्यापुरते बरे वाटते. नैराश्यात तेही वाटेनासे होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास असेल, आधी आवडणाऱ्या कशातच गोडी वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आपला कुणाला उपयोग नाही असे मनात येत असेल, तर फोनची यादी बाजूला ठेवा आणि आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. थायरॉईड आणि ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणीही करून घ्या, या वयात थकव्याचे कारण तिथे सापडू शकते. "कधीकधी रात्री एखादा पेग घेतो" असे तुम्ही लिहिले आहे; तो एकट्याने आणि झोप यावी म्हणून घेत असाल तर आजपासून थांबवा, त्याने झोप मधेच तुटते आणि मन आणखी खाली जाते. जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदा जरी मनाला शिवला असेल तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.

हार्वर्डमध्ये १९३८ पासून चालू असलेल्या प्रौढ आयुष्याच्या अभ्यासाविषयी तुम्ही विचारले आहे. त्याचे सध्याचे संचालक रॉबर्ट वाल्डिंगर सांगतात ते खरे आहे: पन्नाशीत जे आपल्या नात्यांत समाधानी होते ते ऐंशीच्या वयात अधिक निरोगी राहिले, आणि पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा नात्यांतल्या समाधानावरून पुढच्या तब्येतीचा अंदाज अधिक चांगला बांधता आला. तो अभ्यास सुरुवातीला केवळ अमेरिकन पुरुषांचा होता, हे लक्षात ठेवून तो वाचावा. तुमच्यासाठी त्यातली कामाची गोष्ट एवढीच, की ४९ हे वय उशिराचे नाही.

येत्या रविवारी दुपारी चार वाजता पहिला फोन करा. कुणाला, हे मी सुचवतो. लोकलच्या गटातल्या ज्या गृहस्थांनी तुमच्या मुलीच्या बारावीच्या निकालाचे पेढे सबंध डब्यात वाटले होते, त्यांचा क्रमांक तुमच्याकडे अजून "आठबारा ठाणे" या नावाने जतन केलेला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ज्या मुलीचे पेढे त्यांनी वाटले ती आता परदेशात शिकते आहे, हे त्यांना अजून ठाऊक नाही. तेवढे सांगा, त्यांच्या घरचे विचारा, आणि ठाणे स्थानकाबाहेर चहाला भेटण्याचा दिवस फोन ठेवण्यापूर्वी ठरवून टाका. सोळा वर्षे एका डब्यात बसूनही त्यांचे पूर्ण नाव तुम्हाला माहीत नाही. ते विचारून घ्या आणि फोनमध्ये नीट लिहून ठेवा.